दुभंगलेली टाळू आणि जुळलेली वाणी

बाळंतिणीच्या खोलीतून बाळाचे पहिले रडणे ऐकू आले की घरातील माणसांच्या जिवात जीव येतो. परंतु एखाद्या घरी हा आनंद क्षणभरच टिकतो. बाळाचे तोंड पुसताना परिचारिका थबकते. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला असतो. कधी ओठ अगदी धड असतो. पण बाळाला छातीशी धरले की त्याला दूध ओढता येत नाही, आणि जे थोडे तोंडात जाते ते नाकावाटे बाहेर येते. मग डॉक्टर तोंडात बोट घालून पाहतात आणि सांगतात, बाळाची टाळू दुभंगलेली आहे.

मराठीत 'टाळू' या शब्दाला दोन अर्थ आहेत. आजी न्हाऊमाखू घालताना बाळाच्या डोक्यावर जेथे तेल जिरविते तीही टाळू, आणि तोंडाचे छत असते तीही टाळूच. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी, तोंडातील टाळू आहे. ती नाक व तोंड यांमधला पडदा आहे. पुढचा भाग हाडाचा, म्हणून कठीण. मागचा, पडजिभेकडचा भाग स्नायूंचा, म्हणून मृदू. जगभरात दर सुमारे ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ, टाळू अथवा दोन्ही दुभंगलेली असतात. ही भेग सांधण्याची विद्या मनुष्याने कशी मिळविली, तिला इतकी शतके का लागली आणि अखेरीस ती कोणत्या कसोटीवर उतरली, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

आईच्या माथ्यावरील दोष

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एका गैरसमजाचा निकाल लावणे अगत्याचे आहे. असे मूल जन्मले की आपल्याकडे पहिला प्रश्न आईला विचारला जातो : 'ग्रहणात विळी हाती धरली होतीस का?' भाजी चिरली, कापड कापले, म्हणून बाळाचा ओठ चिरला, असे सांगणारी माणसे आजही गावोगावी भेटतात. आधीच खचलेल्या त्या बाळंतिणीला हे बोल जन्मभर विसरता येत नाहीत.

वस्तुस्थिती निराळी आहे. गर्भाच्या चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये सांधले जातात. वरचा ओठ साधारणतः सातव्या आठवड्यापर्यंत जुळून येतो, आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. दुभंगलेल्या ओठात वा टाळूत काहीही चिरले गेलेले नसते; जे जुळावयाचे ते जुळायचे राहून गेलेले असते. ओठ जुळतो तेव्हा पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची नुकतीच कोठे चाहूल लागलेली असते. काही घराण्यांत हा दोष आनुवंशिक असतो, काही औषधे व धूम्रपान यांनी त्याचा धोका वाढतो, आणि कित्येकदा कोणतेही एक कारण दाखविता येत नाही. विळीचा व ग्रहणाचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही.

ओठ आधी, टाळू मागाहून

ओठ दिसतो, टाळू दिसत नाही. त्यामुळे ओठ सांधण्याची कला फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तुटलेल्या कानाच्या पाळ्या व कापलेले नाक जोडण्याच्या विधीपाठोपाठ ओठ जोडण्याचाही उल्लेख येतो : नाकासारखाच विधी करावा, मात्र नाकात बसवावयाच्या नळ्या वगळाव्यात, असे तेथे सांगितले आहे.

चीनच्या जिन राजवंशाच्या इतिहासग्रंथात वेई योंगची नावाच्या एका गरीब तरुणाची हकीकत आहे. काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरचा. त्याचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. एका प्रांताधिपतीच्या पदरी ओठ सांधणारा कुशल वैद्य आहे असे ऐकून तो तेथे पोचला. वैद्याने अट घातली : ओठ शिवल्यावर शंभर दिवस केवळ पेज प्यावयाची, बोलावयाचे नाही, हसावयाचे नाही. त्यावर, अर्धे आयुष्य मुके राहून उरलेले अर्धे धडपणे जगता येणार असेल तरीही आपण तयार होऊ, मग शंभर दिवसांची ती काय कथा, अशा अर्थाचे उत्तर त्या तरुणाने दिले. त्याचा ओठ बरा झाला आणि पुढे तो स्वतःच एका प्रांताचा अधिपती झाला.

टाळूपाशी मात्र शतकानुशतके वैद्यांचे हात थांबत होते. तेथे उजेड पोचत नाही, जागा अरुंद, रक्त घशात उतरणार, आणि घातलेले टाके प्रत्येक घोटासरशी ताणले जाणार. शिवाय युरोपात दीर्घकाळ उपदंशाची साथ होती. त्या रोगानेही टाळूला भोक पडे. त्यामुळे जन्मजात भेग असलेल्या निष्पाप माणसाकडेही लोक संशयाने पाहत.

सोळाव्या शतकात पिएर फ्रांको या फ्रेंच शल्यविशारदाने नोंदविले की, टाळू दुभंगलेली माणसे नाकात बोलतात, आणि भेग लहान असेल तर ती कापसाने बुजविल्यास बोलणे अधिक स्पष्ट होते. त्याचाच समकालीन आंब्रुआझ पारे याने सोन्याचांदीच्या पत्र्याचे झाकण बनविले. त्याच्या वरच्या अंगाला स्पंजाचा तुकडा असे. तो भेगेत सरकविला की ओलाव्याने फुगे आणि झाकण जागच्या जागी धरून ठेवी. पुढे कित्येक पिढ्या दुभंगलेल्या टाळूवर अशी झाकणे हाच काय तो उपाय होता. जेवताना अन्न नाकात जाऊ नये एवढी सोय त्यातून होई, बोलणेही काहीसे सुधारे. पण टाळू हलत नसे.

टाळू हलणे महत्त्वाचे का, हे येथेच समजून घेतले पाहिजे. आपण 'प', 'ब', 'त', 'द', 'क', 'ग' हे वर्ण उच्चारतो तेव्हा मृदू टाळू क्षणार्धात वर उचलली जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकते आणि नाकाची वाट बंद करते. तेव्हाच तोंडात हवेचा दाब साठतो आणि वर्ण ठसठशीत उमटतो. 'म' आणि 'न' म्हणताना ती खाली राहते व वाट मोकळी ठेवते. 'च', 'ज', 'श' यांना आपल्या प्राचीन व्याकरणकारांनी 'तालव्य' म्हटले ते जीभ टाळूकडे जाते म्हणून. टाळू दुभंगलेली असली की हवा सदैव नाकातून निसटते. आपण ज्याला गेंगाणे बोलणे म्हणतो ते हेच. मुलाची बुद्धी तल्लख असली तरी त्याचे बोलणे कोणाला उमगत नाही, वर्गात हशा होतो, आणि हळूहळू ते मूल बोलणेच टाकते.

बर्लिन आणि पॅरिस

इ. स. १८१६ मध्ये बर्लिन येथील कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे या शल्यविशारदाने मृदू टाळूच्या कडा खरवडून त्या टाक्यांनी एकत्र आणण्याचा प्रयोग केला. या ग्रेफेचे नाव मराठी वाचकाने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडलेल्या व नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक कपाळाच्या कातडीपासून नव्याने घडविले गेले होते. पुण्याकडच्या कुंभार जातीच्या कारागिराच्या हातच्या या शस्त्रक्रियेचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. त्यावरून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली, आणि १८१८ साली ग्रेफेने नाक घडविण्याच्या विद्येवर जो जर्मन ग्रंथ लिहिला त्यात या भारतीय रीतीला मानाचे स्थान दिले. आपल्या मातीतील शल्यविद्या ज्या हातांत पोचली, त्याच हातांनी युरोपात टाळू सांधण्याचाही आरंभ केला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

ग्रेफेचा प्रयोग पॅरिसमध्ये फारसा ठाऊक नव्हता. तेथे १८१९ साली जॉन स्टीफन्सन नावाचा कॅनडातील एक तरुण वैद्यकाचा विद्यार्थी फिलिबेर रू या नामवंत शल्यविशारदाच्या सहवासात आला. त्याचे बोलणे नाकातून येई. रू यांना प्रथम वाटले की एखाद्या रोगाने त्याची टाळू खाल्ली असावी. तपासल्यावर दिसून आले की मृदू टाळूला जन्मतःच भेग आहे. रू यांनी शस्त्रक्रियेचा विचार बोलून दाखविला आणि त्या तरुणाने होकार दिला.

त्या काळी भूल नव्हती. रुग्णाने खिडकीकडे तोंड करून खुर्चीत ताठ बसावयाचे, तोंड उघडे ठेवावयाचे आणि दर थोड्या वेळाने रक्त थुंकून पुन्हा तोंड उघडावयाचे. टाळूच्या कडा कापून ताज्या केल्या जात असताना व त्यांतून सुई ओवली जात असताना शुद्धीवर असलेल्या त्या तरुणाने हे सारे सोसले. टाळू जुळून आली आणि त्याचा आवाज पालटला. रू यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी, १८२० मध्ये, स्टीफन्सन यांनी एडिंबरो विद्यापीठाच्या पदवीसाठी लॅटिन भाषेत प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता त्यांच्या स्वतःच्याच टाळूवरील शस्त्रक्रिया!

मायदेशी परतल्यावर स्टीफन्सन यांनी सहकाऱ्यांसह १८२३ साली माँट्रियल येथे वैद्यकीय शिक्षणाची संस्था उभारली. तीच १८२९ मध्ये मॅकगिल विद्यापीठाची वैद्यकीय शाखा झाली. ज्याचे बोलणे एकेकाळी ऐकणाऱ्यांना नीट समजत नव्हते, तो मनुष्य प्राध्यापक होऊन विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवू लागला. १८४२ साली त्यांचे निधन झाले.

भूल आली, टाळू पाळण्यापर्यंत पोचली

स्टीफन्सन यांना यश आले. पण त्यांचे उदाहरण अपवादात्मक होते. त्यांची केवळ मृदू टाळू दुभंगलेली होती, आणि सोसण्याइतके ते प्रौढ होते. भुलीवाचून अशी शस्त्रक्रिया तान्ह्या मुलावर करणे जवळजवळ अशक्यच. त्यामुळे मूल कळते होईपर्यंत थांबावे लागे, आणि तोवर चुकीच्या उच्चारांची सवय हाडीमाशी खिळलेली असे. भेग शिवली तरी जीभ जुनीच वाट धरी.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे इथरची भूल देऊन पहिली जाहीर शस्त्रक्रिया झाली. ती करणारे जॉन कॉलिन्स वॉरेन यांनी पूर्वी, भुलीविना, टाळूही सांधलेल्या होत्या. परंतु भुलीचा लाभ टाळूला लगेच झाला नाही. कारण उघड आहे. भूल द्यावयाची तोंडानाकावाटे आणि शस्त्रक्रियाही करावयाची तोंडातच. एकाच दाराशी दोघे उभे! शिवाय बेशुद्ध रुग्णाच्या घशात रक्त उतरून श्वास कोंडण्याचे भय. तोंड उघडे ठेवणारी साधने निघाली, डोके टेबलाच्या कडेवरून मागे लोंबते ठेवण्याची रीत निघाली. मात्र या अडचणीवर खरा उपाय सापडला तो पहिल्या महायुद्धानंतर. इंग्लंडमधील सिडकप येथे हॅरॉल्ड गिलीज हे सैनिकांचे छिन्नभिन्न चेहरे पुन्हा घडवीत असताना आयव्हन मॅगिल व स्टॅनली रोबॉथम या भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केली. श्वासाला स्वतंत्र वाट मिळाली आणि शल्यविशारदाला तोंड मोकळे मिळाले. युद्धातील जखमींसाठी शोधलेल्या या नळीने पुढे कित्येक तान्ह्या मुलांच्या टाळूची वाट सुकर केली.

मध्यंतरी कठीण टाळूचा प्रश्नही सुटला होता. हाडाच्या भागावरचे पातळ आवरण ओढून शिवले तर टाके फाटत. १८६१ साली बर्लिनच्या बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांनी दाखवून दिले की, तोंडातील आवरण व हाडाला चिकटलेला खालचा पापुद्रा हे दोन्ही एकत्रच हाडापासून सोडवावेत. दोन्ही टोके शाबूत ठेवल्याने त्यांचा रक्तपुरवठा टिकतो आणि मग ते मध्यभागी आणून शिवता येतात. या रीतीची मूळ कल्पना आजच्या शस्त्रक्रियांतही जिवंत आहे.

कसोटी बदलली

भोक बुजले म्हणजे काम झाले, असे शल्यविशारदांना बराच काळ वाटत होते. ही समजूत मोडण्याचे मोठे श्रेय पॅरिसच्या व्हिक्टर व्हो यांना द्यावे लागते. त्यांनी आपल्या जोडीला सुझान बोरेल-मेझोनी या तरुणीला घेतले. शस्त्रक्रिया झालेली मुले कशी बोलतात हे ती बारकाईने तपाशी आणि त्यांना उच्चार शिकवी. फ्रान्समधील वाचोपचाराच्या शास्त्राचा पाया तिनेच घातला असे मानले जाते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात व्हो यांनी शस्त्रक्रियेचे माप बोलण्यानेच घेतले. नुसते आवरण शिवून भागत नाही, आतील स्नायू जुळले पाहिजेत, हा विचार तेव्हापासून दृढ होत गेला. १९६९ साली जर्मनीच्या ओटो क्रीन्स यांनी टाळू उचलणारे स्नायू त्यांच्या योग्य दिशेला वळवून जोडण्याची पद्धत मांडली. अमेरिकेच्या लेनर्ड फर्लो यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत तर टाळूची लांबी वाढविणे व स्नायू जुळविणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधतात.

मात्र लवकर शस्त्रक्रिया करण्यात एक पेच होता. टाळूवरील व्रणामुळे वरच्या जबड्याची वाढ खुंटू शकते. मग थांबावे की घाई करावी? १९८० च्या दशकात इंग्लंडच्या मायकेल मार्स यांनी श्रीलंकेत ज्यांच्यावर कधीच शस्त्रक्रिया झाली नव्हती अशा प्रौढांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या जबड्याची वाढ चांगली झालेली आढळली. परंतु मोठेपणी टाळू सांधल्यानंतरही त्यांतील बहुतेकांचे बोलणे फारसे सुधारले नाही. जबड्याची उणीव पुढे दंतोपचाराने व शस्त्रक्रियेने पुष्कळशी भरून काढता येते; वाणीचा काळ मात्र एकदा गेला की सहसा परत येत नाही. म्हणूनच आज साधारणतः नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे मूल शब्द जुळवू लागते त्याच सुमारास, टाळू सांधली जाते. ओठ त्याआधी, तिसऱ्या महिन्याच्या आगेमागे.

आपल्या देशी

स्वातंत्र्योत्तर भारतात या विद्येची दोन महत्त्वाची केंद्रे महाराष्ट्रातच होती. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस देशातील अगदी आरंभीचा स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला. दुभंगलेल्या ओठ-टाळूचे त्यांनी केलेले वर्गीकरण १९७५ साली प्रसिद्ध झाले. मुंबईत डॉ. चार्ल्स पिंटो यांनी शल्यविशारदांची एक पिढी घडविली.

त्यांच्या शिष्यांपैकी एक होते डॉ. हिरजी एडनवाला. जातीने पारशी, शिक्षण मुंबईत. मुंबईत राहून नाव व पैसा मिळविणे त्यांना कठीण नव्हते. तथापि १९५९ साली ते केरळमधील त्रिशूर धर्मप्रांताच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात रुजू झाले आणि तेथेच त्यांनी आपले आयुष्य वेचले. तेथे त्यांनी दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या हजारो मुलांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे या कामासाठी जे खास केंद्र उभे राहिले त्याला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. आपल्या मुंबईच्या गुरूंचे, चार्ल्स पिंटो यांचे नाव दिले. २०२० साली एडनवाला निवर्तले. एका पारशी शल्यविशारदाने कॅथलिक मिशनच्या रुग्णालयात सर्व धर्मांच्या मुलांना वाणी द्यावी, ही आपल्या देशाच्या इतिहासातील कृतज्ञतेने स्मरावी अशी गोष्ट आहे.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. काही सेवाभावी संस्थांच्या साहाय्याने देशातील अनेक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघर येथून. त्यात अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते आणि दुभंगलेला ओठ व टाळू यांचा उपचारयोग्य दोषांच्या यादीत समावेश आहे.

तरीही काही मुले उशिरा पोचतात. ओठ शिवून झाला, चेहरा दिसायला बरा झाला, की घरची माणसे निश्चिंत होतात आणि आतली टाळू तशीच राहते. म्हणून आपल्या आप्तेष्टांत किंवा शेजारी असे बाळ जन्मल्यास काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या आईला दोष देऊ नये, कोणी देत असल्यास त्याला थांबवावे. बाळाला अंगावर पिता येत नसेल तर आईचे दूध काढून, बाळाला अर्धवट बसते धरून, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडे थोडे पाजावे. दूध नाकातून आले म्हणून पाजणे सोडू नये, कारण वजन भरल्यावाचून शस्त्रक्रिया होत नाही. बाळाचे कान तपासून घ्यावेत, कारण अशा मुलांच्या मधल्या कानात पाणी साठून ऐकू कमी येण्याचा संभव असतो, आणि जे ऐकू येत नाही ते बोलताही येत नाही. टाळूची शस्त्रक्रिया वेळेवर करून घ्यावी. त्यानंतर वाचोपचारतज्ज्ञ सांगतील तो उच्चारांचा सराव घरी रोज, न कंटाळता करून घ्यावा. काही मुलांना पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागते. त्याने धीर सोडू नये.

शल्यविशारदाचे काम तास-दोन तासांत आटोपते. पुढची दोन-तीन वर्षे 'पपा', 'बाबा', 'काका' हे शब्द त्या मुलाकडून पुनःपुन्हा म्हणवून घेण्याचे काम आई, आजी आणि थोरली भावंडेच करू शकतात.